युद्धकथेतला नैतिक पेच कसा बांधावा: कुतच्या वेढ्यातली एक कथा रचताना

मराठीत युद्धावरच्या कथा बहुतेक दोन साच्यांतून येतात. पहिला साचा पोवाड्याचा: नायक शूर, शत्रू क्रूर, शेवटी तिरंग्यात गुंडाळलेली पेटी आणि दारात उभी आई. दुसरा हळवा: शिपाई चापावर बोट ठेवून पानभर विचार करतो की समोरचाही कुणाचा तरी मुलगा असेल, मग गोळी सुटते आणि मेलेल्याच्या खिशातून बायकोचा फोटो निघतो. पहिल्यात प्रश्नच नसतो. दुसऱ्यात असतो, पण त्याचं उत्तर सगळ्यांना आधीपासून पाठ असतं. दोन्ही वाचून डोळे पाणावतात. भांडावंसं मात्र कुणाला वाटत नाही.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. माणसावर दोन कर्तव्यांचा दावा एकाच वेळी पडला, दोन्ही दावे खरे असले, आणि त्यानं काहीही निवडलं तरी किंमत दुसऱ्याच कुणाला मोजावी लागत असली, तर पेच उभा राहतो. पहिल्या दोन अटी बरेच लेखक पाळतात. तिसरी विसरली जाते, आणि तिच्याविना नायकाचं दुःख हे त्याचं खासगी दुःख होऊन बसतं.

नुसत्या सूत्रानं कथा लिहून होत नाही. म्हणून एका खऱ्या घटनेवर एक काल्पनिक कथा पायरीपायरीनं बांधून पाहू.

आधी जागा आणि काळ आवळून घ्या

‘पहिलं महायुद्ध’ हा कथेचा विषय होऊ शकत नाही, तो फार मोठा आहे. ‘एप्रिल १९१६, इराकमधल्या तैग्रिस नदीच्या वळणावरचं एक गाव, एका पलटणीची चूल’ हा होऊ शकतो.

घटना अशी. नोव्हेंबर १९१४ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानी फौज बसऱ्याजवळ उतरली. तिच्यातली सहावी डिव्हिजन पुण्याची, नावानंच ‘पूना डिव्हिजन’. पुढे मेजर जनरल टाउनशेंड तिला घेऊन नदीच्या काठानं बगदादकडे निघाला, नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफनला अडला आणि जबर हानी सोसून मागे फिरला. कुत-अल-अमारा या गावात येऊन फौज बसली आणि ७ डिसेंबरला तुर्कांचा वेढा पडला. तो २९ एप्रिल १९१६ पर्यंत टिकला. शेवटी शरणागती झाली आणि सुमारे १३,००० माणसं कैदेत गेली. १०३ वी आणि ११० वी मराठा लाइट इन्फंट्री आणि ११७ वी मराठा पलटण या वेढ्यात होत्या. म्हणजे साताऱ्याची, कोकणाची पोरं इराकच्या चिखलात पाच महिने अडकून पडली होती. आपल्याकडे ही गोष्ट जवळजवळ कुणी सांगत नाही.

वेढा फोडायला दक्षिणेकडून आलेल्या फौजा जानेवारीपासून एप्रिलपर्यंत पुन्हा पुन्हा आपटल्या आणि परतल्या. आत धान्य आटत गेलं. तोफखान्याचे घोडे आणि खेचरं मारायला सुरुवात झाली. गोऱ्या शिपायांनी ते मांस खाल्लं. हिंदुस्थानी शिपायांपैकी बहुतेकांनी नाकारलं. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून खायला हरकत नसल्याचा निरोप मागवला गेला, तो आलाही. तरी फार थोडे हलले. परिणाम अंगावर दिसू लागले. पांढऱ्या पिठाच्या पावावर राहणाऱ्या गोऱ्यांना बेरीबेरी झाला. कणीक खाणारे आपले शिपाई त्यातून वाचले, पण मांस आणि भाजीवाचून त्यांना स्कर्व्हीनं, म्हणजे हिरड्या सुजवणाऱ्या रोगानं, धरलं. एप्रिलमध्ये रोजची पिठाची वाटणी पाच औंसांवर, म्हणजे दीडशे ग्रॅमच्याही खाली आली. टाउनशेंडनं शेवटचं निकराचं आवाहन केलं आणि मग हजारो शिपायांनी एकदम घोडा खायला सुरुवात केली.

कथेसाठी ही जागा मला लढाईपेक्षा जास्त कामाची वाटते. चढाईत निर्णय क्षणात होतो, विचाराला वेळ नसतो आणि लेखक तिथे खोटे विचार घुसडतो. वेढ्यात तोच प्रश्न रोज दोन वेळा थाळीत येऊन पडतो, आणि रोज ‘नको’ म्हणणं कालच्यापेक्षा महाग होत जातं. शिवाय इथे कुणाला मारायचं नाहीये. मारावं की नाही या प्रश्नावर वाचकाचं मत तयार असतं. खावं की नाही यावर नसतं.

दोन्ही बाजूंची वकिली तितक्याच जोरानं करा

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ घालवा.

आजच्या वाचकाचा पहिला विचार असेल, ‘जीव चाललाय आणि हे लोक कसले सोवळं-ओवळं पाळत बसले!’ हा विचार कथेच्या शेवटापर्यंत टिकला तर कथा फसली. नायक अडाणी आणि वाचक शहाणा, अशा मांडणीत पेच राहत नाही, फक्त कीव राहते.

म्हणून कागद घ्या आणि नायकाच्या भाषेत, त्याच्या बाजूनं एक पान लिहा: ‘मी हे खाणार नाही, कारण...’ त्यात तुमच्या एकविसाव्या शतकातलं काहीही येऊ देऊ नका. आपला नायक धरू खटाव तालुक्यातला एक नाईक (शिपायाच्या वरच्या हुद्द्याचा), नाव दादू. मटण तो खातो. त्यामुळे हा शाकाहाराचा मामला नाही, घोड्याचा आहे. कुळाचं दैवत पालीचा खंडोबा. देव घोड्यावर बसतो. दसऱ्याला ज्याच्या दारात घोडं असेल तो त्याला ओवाळतो. त्या जनावराचं मांस दाताखाली घेणं म्हणजे काय, हे दादूला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

तरीही ही अर्धीच बाजू झाली. देव क्षमा करेल, गाव करणार नाही. वाळीत टाकलं तर पंगतीला पान मांडलं जाणार नाही. घरात लग्नाची मुलगी असेल तर सोयरीक येणार नाही. मुंबईच्या कुणा पंडितानं तारेनं परवानगी दिली म्हणून काय झालं? तो पंडित काही दादूच्या मुलीच्या लग्नात जेवायला येणार नाही. धर्मगुरूंचा निरोप येऊनही शिपाई का हलले नाहीत, हे या जागी उभं राहिलं की कळतं. तुटपुंज्या पगारावर तो ज्या घरासाठी लढतो आहे, तेच घर त्या एका घासानं बुडायचं आहे. आता नकार मूर्खपणाचा वाटत नाही.

मग दुसरं पान: ‘मला हे खाल्लंच पाहिजे, कारण...’ इथे नवशिका लेखक लिहितो, ‘कारण मला जगायचंय.’ ते पुरत नाही. स्वतःचा जीव हा या तराजूत हलका पडतो. जीव द्यायला तर तो आलाच आहे. दुसऱ्या पारड्यात कर्तव्यच हवं. अशक्त झालेला नाईक रात्रीच्या पहाऱ्याला उभा राहू शकत नाही, त्याचा पहारा दुसऱ्यानं करावा लागतो. मिठाला जागण्याची शपथ त्यानं घेतली आहे. या गोष्टी ठीक आहेत, पण अजून सामान्य आहेत, कुठल्याही शिपायाला लागू होणाऱ्या. दादूचंच असं काहीतरी पाहिजे.

तिसरा माणूस शोधा

दादूच्या पलटणीत त्याचा भाचा आहे, शिदू. एकोणीस वर्षांचा. भरतीला तो दादूचं बघूनच आला. निघताना बहिणीनं दादूच्या हातात पोराचा हात दिला होता. शिदूनं ठरवलं आहे, मामा खाईल तेव्हा मी खाईन.

बघा, इथे सगळं फिरलं. दादूचा नकार आता दादूपुरता राहिला नाही. तो व्रत पाळतो आणि त्याची किंमत शिदूच्या हिरड्या मोजतात. त्यानं खाल्लं तर शिदू वाचेल, पण मग ज्या बहिणीला त्यानं शब्द दिला तिच्याच पोराला त्यानं बाटवलं असंही होईल. बहिणीला दिलेला एकच शब्द दोन्ही पारड्यांत जाऊन बसतो. असं झालं की समजावं, पेच पक्का झाला.

या जागी एक गोष्ट आवर्जून टाळा. भाच्याऐवजी एखादा लाडका घोडा आणण्याचा मोह होईल: दादूनं ज्याला चारा घातला, तोच घोडा शेवटी थाळीत येतो. वाचक रडेल, नक्की. पण कथा मग पाळलेल्या जनावराच्या मरणाची होते आणि नैतिक प्रश्न हुंदक्यात बुडून जातो. दादू पायदळातला आहे, घोडे तोफखान्याचे. त्याला तो घोडा अनोळखीच असू द्या.

आणखी एक धागा या घटनेतच लपलेला आहे. एकट्यानं खाल्लं तर गाव त्याला वाळीत टाकेल. सगळ्या पलटणीनं खाल्लं तर गाव कुणाकुणाला टाकणार? म्हणजे प्रत्येकाला मनातून एवढंच हवं आहे की दुसऱ्या कुणीतरी सुरुवात करावी. सुभेदार हवालदाराकडे बघतो, हवालदार नाईकाकडे. इतके दिवस ‘नाही’ म्हणणारे हजारो लोक एप्रिलमध्ये थोड्याच दिवसांत ‘हो’ म्हणू लागले, याचं एक कारण मला हे दिसतं. ‘पहिला कोण?’ हा प्रश्न कथेत ठेवा. त्यामुळे शेजारच्या माणसाच्या नुसत्या बघण्यालाही अर्थ येतो.

आतली तगमग बाहेर आणा

आपल्याकडे अंतर्द्वंद्व म्हटलं की अर्जुन आठवतो, आणि आठवावाच. पण त्याच्याकडून काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे बघून घ्या. अर्जुन युक्तिवाद नंतर करतो; त्याचं अंग आधी बोलतं. तोंड कोरडं पडतं, कातडी जळते, गांडीव हातातून निसटतं. हे घ्या. सोडायचा तो कृष्ण. कथेतल्या शिपायाच्या रथावर सारथी नसतो. पण मराठी कथाकाराला सवय अशी, की आठव्या पानावर एखादा म्हातारा सुभेदार नाहीतर फकीर येतो आणि दोन परिच्छेदांत जीवनाचा अर्थ सांगून जातो. असा माणूस तुमच्या मसुद्यात आला असेल तर त्याला तिथूनच परत पाठवा.

आता प्रत्यक्ष लिखाण. आधी वाईट नमुना:

‘दादूच्या मनात प्रचंड द्वंद्व चाललं होतं. एकीकडे धर्म, दुसरीकडे भाच्याचा जीव. काय करावं त्याला सुचेना. त्याचा आत्मा आक्रंदत होता.’

यात चूक काहीच नाही, आणि दिसतही काहीच नाही. हीच अवस्था अशी लिहून बघा:

‘पीठ वाटून झालं. दादूनं आपला गोळा शिदूच्या गोळ्याशेजारी ठेवला. मग आपल्यातला बोटभर तोडून शिदूच्या गोळ्याला चिकटवला. शिदूनं तो काढून परत ठेवला.

“मामा, तुमी न्हाई तर मी न्हाई.”

“आरं, ह्यो पिठाचा हाय.”

“मला ठावं हाय कशाचा हाय त्ये.”

पलीकडं गोऱ्यांच्या चुलीवरून वास येत होता. दादूनं तोंड फिरवलं. वारा तिकडूनच होता.’

‘द्वंद्व’ हा शब्द कुठे नाही, पण बोटभर पीठ इकडून तिकडे जातं आणि परत येतं. मनातला झगडा दाखवायला एखादी अशी वस्तू लागते, जी हातात धरता येईल आणि जिची जागा बदलता येईल. वेढ्यात पिठासारखी वस्तू नाही.

दुसरी युक्ती सवलतींची. पेचात सापडलेला माणूस एकदम पलीकडे उडी मारत नाही. तो रेघ थोडी सरकवतो आणि पुन्हा तिथे ठाम उभा राहतो. छांदोग्य उपनिषदात उषस्ती चाक्रायणाची गोष्ट आहे. कुरुदेशात पीक बुडालेलं, खायला नाही. तो एका माहुताकडून त्याच्या खाण्यातले उरलेले उष्टे उडीद मागून खातो. माहूत पाणीही देऊ करतो, तर म्हणतो, ते उष्टं आहे, नको. उडीद उष्टे नव्हते का? होते, पण ते खाल्ले नसते तर मी जगलो नसतो, पाणी मला कुठेही मिळेल. या गोष्टीवर हसू येतं आणि हसता हसता माणूस कळतो. भुकेनं त्याला सगळं सोडायला लावलं नाही. त्यानं रेघ जिथे टिकेल तिथे पुन्हा आखली.

दादूलाही अशा रेघा द्या. पहिल्या आठवड्यात तो त्या चुलीकडे बघणारही नाही. पुढच्या आठवड्यात म्हणेल, खेचर म्हणजे काही घोडा नव्हे. मग म्हणेल, नुसता रस्सा असेल तर शिदूला चालेल का. मग कुणाला तरी विचारेल, अंधारात कुठे वाटतात का. प्रत्येक वेळी तो हरतो आणि प्रत्येक वेळी काहीतरी राखतो. अशा तीन-चार पायऱ्या झाल्या की वाचकाला समजतं की शेवटची पायरी कुठे आहे, आणि तो दादूच्या आधी तिथे पोचून थांबलेला असतो.

तिसरी गोष्ट मनातल्या बोलण्याची. दादूला लिहिता येत असो वा नसो, वेढ्यातून घरी पत्र जात नाही. म्हणून तो मनातल्या मनात बहिणीला पत्र सांगू शकतो, आणि त्या पत्रात खोटं बोलू शकतो: ‘शिदू बरा हाय. जेवण दोन टायमाला हाय.’ माणूस मनातल्या पत्रातही खोटं बोलतो, तेव्हा त्याला काय टोचतं आहे ते वेगळं सांगावं लागत नाही. त्या काळच्या शिपायांना पत्रात आडून बोलायची सवय होतीच. फ्रान्सच्या आघाडीवरून लिहिणारे शिपाई सेन्सॉरला चुकवण्यासाठी हिंदी सैनिकांना ‘काळी मिरी’ आणि गोऱ्यांना ‘लाल मिरची’ म्हणत. काळी मिरी संपत आली आहे, असं घरी कळवत. तुमच्या पात्रांनाही असा एखादा सांकेतिक शब्द देता आला तर बघा, पण तो त्यांच्या शेतातून नाहीतर स्वयंपाकघरातून यायला हवा.

बोलणं कमी ठेवा, नाती अचूक ठेवा

दादू आणि शिदू मामा-भाचे आहेत, आणि नाईक-शिपाईही आहेत. कवायतीवर शिदू ‘मामा’ म्हणणार नाही. खंदकात म्हणेल. एखाद्या नाजूक क्षणी त्यानं मुद्दाम ‘नाईक’ म्हटलं तर तो घाव पुरे आहे. त्यावर आणखी भाष्य नको. बोली साताऱ्याकडचीच हवी आणि शेवटपर्यंत सारखी हवी. पहिल्या पानावर ‘न्हाई’ आणि पाचव्यावर ‘नाही’, असं झालं की पात्र तिथेच मरतं. निवेदन मात्र प्रमाण मराठीत ठेवलेलं बरं. सगळंच बोलीत लिहिण्याची कसरत फार थोड्यांना झेपते.

निर्णय उशिरा आणा, आणि उशिराची किंमत दाखवा

निर्णयाचं दृश्य लहान ठेवा. त्याआधी पाच-सहा पानं जे साचलं आहे ते तिथे आपोआप येतं.

पहिला प्रश्न: पहिला घास कुणाचा? दादूनं तो शिदूला दिला तर तो प्रेमळ मामा ठरतो, पण बाटवण्याची कृती पोराच्या तोंडावर ढकलतो. त्यानं आधी स्वतः खाल्ला तर पाप आधी आपल्या अंगावर घेतो. मी दुसरा पर्याय घेईन. दादूनं थाळी पुढं करावी, वाढणाऱ्यानं वर बघावं आणि काही न बोलता दोन तुकडे टाकावेत. दादूनं शिदूसमोर बसून, त्याच्याकडे बघत, चावून गिळावं.

आणि मग शिदूला ते चावता येऊ नये. स्कर्व्हीत हिरड्या सुजतात, त्यांतून रक्त येतं, दात हलू लागतात. भरलेल्या जुन्या जखमाही उकलतात. तोफखान्याच्या थकलेल्या घोड्याचं मांस चिवट असतं. दादूचा ‘हो’ खरा आहे, पण तीन आठवडे उशिरा आला आहे, आणि हा उशीर त्याच्या चांगुलपणाचाच भाग होता. आता दादूपुढे एकच वाट उरते: घास स्वतः चावून मऊ करायचा आणि भाच्याच्या तोंडात घालायचा. सोयरीक, पंगत, विटाळ, ज्याचं ज्याचं भय होतं ते सगळं त्या एका उष्ट्या घासात येतं. हे दृश्य चार ओळींत लिहा. पाचवी ओळ लिहावीशी वाटेल, लिहू नका.

शेवटासाठी काही मोह समोर येतील. दादू २८ एप्रिलला खातो आणि २९ ला शरणागती होते, हा एक. ही फार जुळवून आणलेली थट्टा वाटते. दुसरा, शिदूचा मृत्यू. मृत्यूनं पेच सुटल्यासारखा वाटतो, म्हणून मी तो कथेच्या बाहेर ठेवीन. शरणागतीनंतर अधिकाऱ्यांना वेगळं काढून शिपायांना वाळवंटातून चालवलं गेलं, पुष्कळांना रास अल-ऐनकडे बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपलं गेलं, हजारो मेले. पण ती दुसरी कथा आहे. तिसरा मोह गावाचा: दादू परत येतो, पंगत बसते, कुणीतरी विचारतं. हे दृश्य जोरकस होईल यात शंका नाही, पण मग निकाल गाव देतं आणि वाचक सुटतो.

मला पटणारा शेवट असा. दुसऱ्या दिवशी शेजारच्या सेक्शनमधला एक शिपाई दादूजवळ येऊन बसतो. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलतो, नदीला पाणी चढल्याचं बोलतो. मग हळूच विचारतो, “कसं लागतं?” दादू म्हणतो, “मीठ न्हाई.” आणि थाळी घेऊन उठतो. ‘पहिला कोण’ या प्रश्नाचं उत्तर मिळालं आहे आणि दादूच्या पाठोपाठ आता आणखी माणसं जाणार आहेत. ते चांगलं झालं की वाईट, ते कथेनं सांगायचं नाही.

कथेत सगळंच कोंबू नका

कुतमध्ये आणखी पेच होते. मुस्लिम शिपायांपुढचा प्रश्न तर दादूपेक्षा कठीण होता. समोरच्या तुर्कांचा सुलतान हाच खलिफा, त्यानं नोव्हेंबर १९१४ मध्ये जिहाद पुकारलेला, आणि ज्या टेसिफनला लढाई झाली तिथेच पैगंबरांचे सोबती सलमान फारसी यांची कबर. फेब्रुवारी १९१६ मध्ये बसऱ्याला १५ व्या लान्सर्सच्या मुस्लिम सवारांनी या पवित्र भूमीत लढायला जायचं नाकारलं आणि शेकडोंना शिक्षा झाल्या. गावात सुमारे सहा हजार अरब रहिवासीही अडकले होते, ज्यांचं या भांडणाशी काही देणंघेणं नव्हतं आणि ज्यांच्या कोठारांतलं धान्य फौजेनं काढून घेतलं. यातल्या प्रत्येकावर स्वतंत्र कथा होईल. दादूच्या कथेत त्यांना एकेक ओळीची जागा द्या, पण जपून. मुस्लिम शिपायाला ‘फितूर होऊ शकणारा’ म्हणून कोपऱ्यात उभा करण्याची खोड आपल्या लेखनात आहे. त्यालाही दादूइतकेच दोन खरे दावे आहेत हे तुम्हाला ठाऊक असेल, तर ते त्या एका ओळीतही उतरतं.

तपशील नायकाच्या हातापुरते

अभ्यास भरपूर करा, त्यातला दहावा हिस्साही वापरू नका. टाउनशेंडचे डावपेच दादूला माहीत नाहीत, म्हणून ते कथेत नकोत. नदीचा पूर, खंदकातलं गुडघाभर पाणी, विमानातून टाकलेली पोती, त्यांतली काही नदीत पडणं, हे त्याला दिसतं. २४ एप्रिलच्या रात्री ‘जुलनार’ नावाची आगबोट २७० टन सामान घेऊन वेढा फोडून यायला निघाली आणि वाटेतच पकडली गेली. दादूला फक्त दूरवरच्या तोफा ऐकू येतील आणि सकाळी बोट आलेली नसेल.

कालविसंगतीवर डोळा ठेवा. १९१६ च्या शिपायाच्या तोंडी ‘जय हिंद’ घालणारे लेखक आहेत. ती घोषणा आझाद हिंद सेनेच्या काळातली. तिरंगा नाही. ‘देशासाठी’ हा शब्दही सांभाळून वापरा: दादू सरकारच्या मिठासाठी, पगारासाठी, पलटणीच्या अब्रूसाठी लढतो आहे. त्याला आपल्या सोयीसाठी राष्ट्रभक्त किंवा गुलाम करू नका, दोन्हींत पेच सपाट होतो.

साहित्य कुठे मिळेल? पलटणींचे छापील इतिहास आहेत, सेन्सॉरनं जपून ठेवलेली शिपायांची पत्रं छापून आलेली आहेत. आणि आपल्याकडच्या पुष्कळ गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीवर संगमरवरी पाटी असते: या गावातून इतके जण १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला गेले, इतक्यांनी प्राण दिले. नाव एकही नसतं, आकडे असतात. त्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोला. युद्धाविषयी फारसं कळणार नाही, पण परत आलेला माणूस घरात कसा वागायचा, काय खायचा नाही, कशावर कधी बोलायचा नाही, हे नातवंडांना आठवतं, आणि कथेला तेच लागतं.

दुसरा खर्डा

पहिला खर्डा झाला की तो काही दिवस बाजूला ठेवा. मग ‘द्वंद्व’, ‘विवेक’, ‘अंतरात्मा’, ‘माणुसकी’ हे शब्द निवेदनात जिथे आले असतील तिथे खूण करा आणि ती वाक्यं काढून कथा वाचा. काही अडलं नाही तर ती नकोच होती. अडलं, तर तिथे एक कृती कमी आहे, ती लिहा. दादूच्या प्रत्येक ‘नाही’नंतर शिदूच्या शरीरात काय बदललं ते एका ओळीत आलं आहे का, हेही तपासा. नसेल तर किंमत मोजणारा माणूस कथेतून गायब झाला आहे. लांबी तीन-साडेतीन हजार शब्दांपलीकडे गेली असेल तर बहुधा वेढ्याची पार्श्वभूमी वाढली आहे. ती पहिल्या पानावरून उचला आणि पिठाच्या वाटणीपासून कथा सुरू करा.

मग ती चार जणांना वाचायला द्या. चौघं एकसारखे नकोत: एखादा फौजेत राहिलेला, एखादी घरात सणवार काटेकोर पाळणारी, एखादा यातलं काहीच न मानणारा. कथा आवडली का, हे विचारू नका. सगळे हो म्हणतील. एवढंच विचारा, की दादूनं आधीच खायला हवं होतं का. चौघांचं उत्तर एकच आलं, तर त्या दोन पानांकडे परत जा आणि ज्या बाजूला कुणीच उभं राहिलं नाही, तिची वकिली पुन्हा लिहा.